कोऱ्या पाठींचा संघ

नौसोरी शहरातल्या जर्सीच्या दुकानात उनाइसीची नोकरी टांगणीला लागली होती. मागच्या आठवड्यात एका संघाच्या पाठीवर नावांऐवजी चौकोनच चौकोन छापले गेले, तेव्हा मालक नायकर साहेबांनी बजावलं होतं, "पुन्हा एक जरी जर्सी बिघडली, तर घरी बसायचं!" म्हणून तिने छपाईच्या प्रोग्रामला एक पहारेकरी जोडला. नाव-नंबराच्या चौकटीत छापता न येणारं एकही चिन्ह असलं की लाल दिवा, नसलं की हिरवा.

शुक्रवारी तिच्या वाइसाके मामाने गावच्या रग्बी संघाची, सात खेळणारे आणि पाच राखीव अशी, यादी फोनवरून उचलून प्रोग्रामच्या चौकटींत चिकटवली. बाराच्या बारा लाल!

"माझ्या पोरांच्या नावात खोट काढतेस होय गं?"

"नावं चांगलीच आहेत, मामा. फोनवरून येताना एक न दिसणारं चिन्ह चिकटून आलंय. तेवढं पुसायचं."

"दिसत नाही ते पुसू कसं? थांब, तुझ्या आईलाच सांगतो!"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून उनाइसी बाहेर गेली. मामाने यादीतल्या पहिल्या गड्याच्या, सेरेमायाच्या, नावातलं शेवटचं अक्षर पुसलं. लाल. आणखी एक पुसलं. लालच. ते मेलं चिन्ह बसलं होतं नावाच्या आधी आणि मामा खोडत होता शेपटाकडून! अखेर चौकट पार रिकामी झाली, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. रिकाम्या चौकटीत छापता न येणारं काही नसतंच. पहारेकऱ्याच्या लेखी ती अगदी सोवळी.

"अस्सं होय!" म्हणत मामाने उरलेल्या अकरा चौकटीही साफ केल्या.

उनाइसीने परत येऊन बारा हिरवे दिवे पाहिले आणि ऐटीत छपाईचं बटण दाबलं. मागच्या खोलीतल्या कामगारांना घरी जायची घाई. त्यांनी न बघताच गठ्ठा बांधला.

शनिवारी साहेब आणि उनाइसी जर्सी पोचवायला मैदानावर गेले. पिशवी उघडली, तर बारा पाठी कोऱ्या करकरीत! नायकर साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "उनाइसी, सोमवारपासून येऊ नकोस." तिला रडू कोसळलं.

सामना मात्र सुरू झाला. मामाच्या एका गड्याने प्रतिस्पर्ध्याला मानेला धरून आडवा केला. पंचाने शिट्टी फुंकली, पिवळं कार्ड काढलं आणि वळून पाहिलं. सात कोऱ्या पाठी, शांतपणे चालत निघालेल्या.

"कोण होता तो?"

"कोण, साहेब?" सातही जणांनी विचारलं.

मामाचा संघ जिंकला. मग चार संघांच्या प्रशिक्षकांनी नायकर साहेबांना गराडा घातला. "आम्हालाही अश्शाच हव्यात!"

साहेब गर्दीतून वाट काढत उनाइसीकडे आले.

"सोमवारी तासभर लवकर ये," ते हळूच म्हणाले, "आणि तो प्रोग्राम दुरुस्त केलास, तर खबरदार!"