मालकीणबाईंची दाढ आणि गॅरेजातली हवा

"आजपासून या घरात कुणीही तोंडाने फुंकर मारायची नाही!" खटपट्यांनी जाहीर केलं आणि गॅरेजच्या मधोमध ठेवलेल्या लालभडक टाकीवर अशी काही थाप मारली, की जणू शर्यत जिंकून आलेला घोडाच!

खटपटे हे त्यांचं आडनाव नव्हे, बरं का. ती गल्लीने दिलेली पदवी! दिवसभर विमा कंपनीत बसून दुसऱ्यांच्या अपघातांच्या फायली तपासायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे अपघात घडवायचे, असा या गृहस्थाचा दिनक्रम. आणि आज तर चक्क हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर घरी आला होता!

"हे नक्की करतं काय?" त्यांच्या बायकोने विचारलं. बायको दातांची डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीतच तिचा दवाखाना, म्हणून गल्लीत ती डॉक्टरीणबाई.

"काय करत नाही ते विचार! धूळ उडवतं, रंग मारतं, नट खोलतं, स्क्रू पिळतं, खिळे ठोकतं!"

"आपल्याकडे खिळे कुठे ठोकायचेत?"

"ते आता शोधायचं!" खटपटे म्हणाले.

आणि हो, ते शोधत सुटले! पहिल्या दिवशी पुस्तकांच्या कपाटाचा नंबर लागला. वर्षानुवर्षांची धूळ एका फटक्यात उडाली. उडाली कपाटावरून आणि बसली जेवणाच्या टेबलावर, पडद्यांवर आणि डॉक्टरीणबाईंच्या नुकत्याच धुतलेल्या केसांवर. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातली कुरकुरणारी खुर्ची. खटपट्यांनी हवेवर चालणारा पाना लावला. टर्रर्रर्र! स्क्रू असा घुसला, की लाकूड चिरून पलीकडून डोकावला! खुर्चीची कुरकुर मात्र थांबली, कारण कुरकुरणारा पायच उरला नव्हता.

तरी घरातल्या माणसांचं एकवेळ ठीक. खरा प्रश्न वरच्या मजल्याचा होता. टाकीतली हवा कमी झाली, की ते यंत्र आपलं आपण चालू व्हायचं. धडधडधडधड! आणि वरच्या मजल्यावर राहायच्या मालकीणबाई. घर त्यांचं. हे दोघे भाडेकरू. बाईंनी उभी हयात शाळेत मुख्याध्यापिका म्हणून काढलेली, त्यामुळे त्या नुसत्या जिन्यात उभ्या राहिल्या तरी खटपटे आपोआप शर्टाची बटणं लावायचे.

"खटपटे! खाली चाललंय काय?"

"काकू, ती नुसती हवा आहे."

"हवा? माझ्या कपाटातल्या बश्या नाचताहेत! चष्मा टेबलावरून चालत चालत खाली पडला! ते काही नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत एक तर ते यंत्र जाईल, नाहीतर तुम्ही. दवाखान्यासकट!"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "ऐकलंत? दवाखान्यासकट! आत्ता कुठे पेशंट यायला लागलेत हो. तो डबा उद्याच्या उद्या परत करा."

"परत? अगं, प्रश्न फक्त आवाजाचा आहे! आवाजाचा बंदोबस्त केला की झालं. तू निर्धास्त राहा!"

खटपटे निर्धास्त राहा म्हणाले, की घरातले सगळे सावध होत. पण शनिवारी डॉक्टरीणबाई दिवसभर बहिणीकडे गेल्या आणि तिथेच घोळ झाला.

त्याचं असं आहे, की दाताला भोक पाडायचं ते सूं सूं करणारं बारीक यंत्र हवेवर फिरतं. त्यासाठी दवाखान्यातही एक कॉम्प्रेसर होताच. छोटासा, पांढरा आणि इतका सभ्य, की चालू आहे का ते हात लावून बघावं लागे. खटपट्यांच्या डोक्यात प्रकाश पडला! याच्या पोटातलं गुपित कळलं, तर आपल्या लाल घोड्यालाही तसंच गप्प करता येईल! त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, पांढरा कॉम्प्रेसर उघडला, आतलं सगळं वर्तमानपत्रावर मांडलं, मान डोलावली आणि पुन्हा भरलं. आधी तो जवळपास गप्प असायचा. आता तो पुरताच गप्प झाला.

"उद्या रविवार, दवाखाना बंद. सोमवारी गुपचूप मेकॅनिक बोलावू," खटपट्यांनी स्वतःची समजूत घातली. शिवाय त्यांच्याकडे दुसरी युक्तीही होती. सगळी गल्लीच आपल्या बाजूने उभी राहिली तर मालकीणबाई काय करतील? त्यांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रविवारी हवा फुकट!' आणि पुठ्ठा गॅरेजच्या दाराला टांगला.

रविवारी सकाळी दार वाजलं. दारात मालकीणबाई. एका हाताने गाल धरलेला, डोळ्यांत पाणी!

"खटपटे, तुमच्या धडधडीने माझ्या दाढेतलं सिमेंट निघालं! रात्रभर डोळ्याला डोळा नाही! कुठे आहेत डॉक्टरीणबाई?"

डॉक्टरीणबाईंनी लगबगीने त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्यात रुमाल अडकवला, दाढ पाहिली. "काकू, आत कीड आहे. थोडं साफ करून लगेच भरून टाकते. अजिबात दुखणार नाही." इंजेक्शन दिलं. गाल बधिर झाला. मग त्यांनी पायाखालचं बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. तरी काही नाही!

डॉक्टरीणबाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात खटपटे उभे. नजर छताला.

"अहो, माझ्या कॉम्प्रेसरला काय केलंत?"

"काही नाही गं. मी फक्त त्याचा स्वभाव समजून घेत होतो."

बायकोने नुसते डोळे मिटले. पेशंट खुर्चीत, तोंड बधिर, तेही घरमालकिणीचं! आता नाही म्हटलं, तर संध्याकाळची वाट कशाला बघायची, सामान आत्ताच बांधायला घ्यावं!

"थांब!" खटपट्यांची छाती फुगली. "माझा आहे ना! गॅरेजातून मागच्या खिडकीने पाइप टाकतो!"

"तेल असतं का त्यात? तेलकट हवा तोंडात चालत नाही."

"थेंबभर नाही! बिनतेलाचा घेतलाय, तू मला वाढतेस त्या जेवणासारखा!"

दुसरा इलाजच नव्हता. पाइप आला. डॉक्टरीणबाईंनी तो आपल्या हवा गाळायच्या फिल्टरला जोडला, दाबाचा काटा तपासला, पुन्हा तपासला. गॅरेजात धडधड सुरू झाली. ती ऐकताच मालकीणबाईंचे डोळे बशीएवढे झाले.

"आँ आँ आँ!"

"हो काकू, तेच यंत्र," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उघड्या तोंडातली भाषा त्यांना बरोब्बर कळायची. "आणखी मोठा आ करा."

सूंऽऽऽऽ! काय सुरेख फिरत होतं ते यंत्र! खटपट्यांना भरून आलं. आता दाढ बरी होणार, काकू दुवा देणार आणि लाल घोडा कायमचा घरात राहणार! एवढ्यात... सूंऽऽ... सूंऊऊ... घर्रर्र... फुस्स.

"आँ?" मालकीणबाई.

"अहो!" डॉक्टरीणबाई.

खटपटे गॅरेजकडे धावले. तिथे पेपरवाला टाकीच्या दुसऱ्या तोटीतून सायकलच्या चाकात मजेत हवा भरत होता.

"बंद कर! सोड ती हवा! म्हणजे सोडू नको, राहू दे!"

"पण साहेब, पाटीवर फुकट लिहिलंय."

"फुकटच आहे रे बाबा! पण आत्ता ती काकूंच्या दाढेत चाललीय!"

पेपरवाल्याने आधी पाइपकडे पाहिलं, मग खटपट्यांकडे पाहिलं आणि सायकलवर टांग मारली. खटपट्यांनी विजयी मुद्रेने घाम पुसला आणि दवाखान्याकडे पळाले. पुठ्ठा काढायचा मात्र विसरले!

"चालू कर!" त्यांनी दारातून हुकूम सोडला.

सूंऽऽऽ! अर्धी कीड निघाली. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची आठी सैल झाली. आणि पुन्हा... घर्रर्र... फुस्स.

"अहो, दाढ अर्धी उघडी आहे! अशी सोडता येणार नाही मला! काय ते एकदाचं बघा!"

"ऑ ऑ आँऽऽ आँ!" मालकीणबाई.

"काकू काय म्हणाल्या?" खटपट्यांनी विचारलं.

"न ऐकलेलंच बरं. पळा!"

खटपटे पळाले. गॅरेजचं दार उघडायला गेले तर दार उघडेना! कसंबसं फटीतून डोकं घातलं आणि पाहतात तो काय, आत हवेची गादी! दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढी, निळी, क्षणाक्षणाला फुगत चाललेली. समोरच्या घरातले नळदुरुस्तीवाले सासरच्या मंडळींसाठी गादी भरायला घेऊन आले होते. गादी लावली होती आणि दुसरी आणायला घरी गेले होते! ते आता दुसरी खांद्यावर टाकून मागून येत होते.

"वा खटपटे, काय दमदार यंत्र आहे हो तुमचं! आम्ही आजवर तोंडाने फुगवायचो, सासरे येईपर्यंत मला घेरी यायची!"

"बंद करा आधी! कॉक बंद करा!"

"कुठे आहे कॉक?"

"गादीच्या मागे!"

"मग तुम्हीच जा की, तुम्ही बारीक आहात!"

खटपटे पोट आत घेऊन फटीतून शिरले. एकीकडे भिंत, एकीकडे गादी. गादी त्यांना भिंतीवर दाबत होती आणि ते गादीला दाबत होते. हात लांब करून कॉक बंद केला खरा, पण शनिवारपासून खिशात राहिलेला स्क्रूड्रायव्हर टोक वर करूनच होता.

फाऽऽट्ट!

अख्खी गल्ली हादरली. नळवाले खाली बसले. खटपटे निळ्या रबरात गुंडाळलेले, टोपी कुठे, चष्मा कुठे! आणि दारात कोण उभं? मालकीणबाई! गळ्यात रुमाल, गालात कापसाचा बोळा, ओठ एका बाजूला घसरलेला. मागोमाग हातात आरसा घेऊन धावत आलेल्या डॉक्टरीणबाई.

संपलं, खटपट्यांना वाटलं. यंत्र गेलं, घर गेलं, दवाखाना गेला. बायकोकडे बघायचा धीरच होईना. तिने किती हौसेने ती खोली रंगवून घेतली होती, एकेक खुर्ची निवडून आणली होती.

मालकीणबाईंनी एक पाऊल पुढे टाकलं. "कु... कुनी..." ओठ साथ देईना. त्यांनी तो बोटाने सावरून धरला. "कुनी हात लावला माझ्या हवेला?"

"तुमच्या?" नळवाले म्हणाले.

"माझी दाढ उघदी आहे! इथे गाद्या भरता? निघा! ती गादी घ्या आनि निघा!"

नळवाले सासऱ्यांचंही भान विसरून पळाले. दाराबाहेर आणखी दोघे सायकली घेऊन उभे होते, तेही पळाले. मालकीणबाईंनी पुठ्ठा ओढून काढला, त्याचे चार तुकडे केले आणि खटपट्यांकडे वळल्या.

"तुम्ही! बसा इथे! ताकीला मिथी मारा! दाढ भरेपर्यंत कुनी आलं तर बघा!"

खटपट्यांनी मुकाट्याने टाकीला मिठी मारली. दार बंद झालं. धडधडधडधड! यंत्र थरथरत होतं, खटपटे थरथरत होते, त्यांच्या दातांवर दात आपटत होते. पण खिडकीतून आवाज येत होता, सूंऽऽऽऽऽ, एकदाही न थांबता. तेवढ्यासाठी त्यांनी मिठी आणखी घट्ट केली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मालकीणबाईंचा गाल अजून तिरका होता, पण डोळ्यांतलं पाणी गेलं होतं.

"सोडा आता त्याला. दुखायचं थांबलं. हात हलका आहे हो तुमच्या बायकोचा. दवाखाना इथेच राहील. आणि यंत्रही राहील."

"काकू!" खटपटे उडी मारून उठले. "मला ठाऊकच होतं! पण मग आवाजाचं काय?"

"दवाखान्याचा आवाज मी सोसेन. वर धडधड ऐकू आली, की कुणाची तरी दाढ दुरुस्त होतेय एवढं कळेल. तुमची धडधड व्हायची, तेव्हा काय मोडतंय तेच कळत नव्हतं! म्हणून यंत्र आजपासून डॉक्टरीणबाईंचं. गॅरेजची किल्ली त्यांच्याकडे."

"म्हणजे... मी..."

"तुम्ही लांब राहायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आठवडाभरात पहिल्यांदाच त्या हसत होत्या. सोमवारी पांढरा कॉम्प्रेसर तपासून 'हा काही आता चालायचा नाही' म्हणत मेकॅनिकने हात जोडल्यावर तर ते पक्कंच झालं. खटपट्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं. शेवटी घरातलं यंत्र घरातच राहिलं ना!

पुढच्या आठवड्यात ऑफिसला निघताना त्यांच्या स्कूटरचं मागचं चाक बसलेलं. खटपटे हसले. असल्या गोष्टींची काळजी लोकांना, आपल्याला नाही! ते आरामात दवाखान्याच्या दारात गेले.

"अगं, जरा किल्ली दे. चाकात हवा भरतो."

"पेशंट आहे खुर्चीत."

"मग नंतर?"

"नंतरही आहे. काकूंनी सगळ्या गल्लीला सांगितलंय, श्वास घ्यायला फुरसत नाही." डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "पुढचा गुरुवार चालेल?"

खटपटे स्कूटर ढकलत नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे पोचले, तेव्हा शर्ट घामाने चिंब झाला होता.

"काय साहेब, तुम्ही इथे?" पंक्चरवाला चकित झाला. "घरी एवढा मोठा कॉम्प्रेसर आहे ना तुमच्या?"

"आहे ना," खटपटे धापा टाकत म्हणाले. "पण त्याला गुरुवारपर्यंत वेळ नाही."