शिवणाच्या डब्यातला संगणक

घरगुती कामासाठी अवाढव्य संगणक बाळगणे म्हणजे माशी मारायला तोफ ओढत आणणे होय, हे मत मी दोन वर्षे सप्रमाण मांडत होतो. अखेर मी तळहातावर मावणारा संगणक आणला. मोबाइलमध्ये असतो तसला एआरएम जातीचा प्रोसेसर, किंमत बेताची आणि विजेची भूक चिमणीएवढी! घरातल्या साऱ्या फायली मी त्यात हलवल्या आणि पत्नीच्या लॅपटॉपमधून पुसून टाकल्या; तिने त्या वाय-फायवरून उघडायच्या. एकाच वस्तूच्या दोन प्रती बाळगणे ही गबाळ्या मनाची खूण आहे.

उघड्या सर्किटावर धूळ बसू नये म्हणून त्याला घर हवे होते. सासूबाईंचा शिवणसामानाचा पत्र्याचा डबा नेमका मापाचा निघाला. तळाशी पुठ्ठा घातला, वायरीपुरते भोक पाडले, घट्ट झाकण लावले आणि डबा कपाटावर विराजमान केला.

"माझ्या सुया कुठे गेल्या?" सासूबाईंनी विचारले.

"स्थलांतरित झाल्या, आई."

त्याच दिवशी पाच वाजता एका शाळेच्या मुख्याध्यापिका नव्या ग्रंथालयाचे आराखडे पाहायला घरी येणार होत्या. पसंत पडले, तर नोकरी सोडल्यानंतरचे पत्नीचे हे पहिले मोठे काम. साडेचारला तिने लॅपटॉप उघडला.

"अहो, आराखडे दिसत नाहीत!"

मी डबा खाली घेतला, झाकण काढले. "आता पाहा."

"दिसले!"

म्हणजे संगणक निर्दोष होता. मी समाधानाने झाकण लावून डबा परत कपाटावर ठेवला.

"गेले!"

संगणकाचे निर्दोषत्व नुकतेच सिद्ध झाले असल्याने दोष वाय-फाय पुरवणाऱ्या कंपनीचा, हे ओघानेच आले. मी फोन लावला. पलीकडची मुलगी राउटर बंद करून चालू करा म्हणाली. कारण आणि उपाय यांतला भेद मी तिला समजावून देईपर्यंत पाचाला पाच मिनिटे उरली.

"डबा उघडला की चालतंय, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

"आई, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, म्हणून काही..."

"कावळ्याचं राहू द्या. झाकण काढा!"

"पण झाकणाचा आणि वाय-फायचा संबंध काय?"

"तो तुम्ही शोधा, सावकाश."

"अहो," पत्नी दातओठ खात म्हणाली, "फोन ठेवताय, की मी घर सोडू?"

दारावरची घंटा वाजली. सासूबाई स्टुलावर चढल्या, झाकण काढले आणि मी ते पुन्हा लावू नये म्हणून हातात धरून कपाटापाशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या. आराखडे क्षणात पडद्यावर आले.

पाऊण तास मी स्वयंपाकघरात उभा राहून मोबाइलवर वाचन केले. पत्रा वाय-फायच्या लहरी अडवतो, असे त्यातून निष्पन्न झाले. मी बाहेर आलो तेव्हा काम पत्नीला मिळाले होते आणि मुख्याध्यापिका निघण्याच्या बेतात होत्या.

"शाळेतही असले छोटे संगणक घ्यायचेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे यातलं कोणाला कळतं?"

मी घसा खाकरून पुढे झालो.

"आईला," पत्नी म्हणाली.

या विधानाचे मुद्देसूद खंडन मी सात पानांत लिहून ठेवले आहे. त्यातला एकही मुद्दा अद्याप मला स्वतःला पटलेला नाही.