आमच्या शाळेची सातवी

आमच्या शाळेची इमारत यंदा सातवीच्या परीक्षेला बसली आणि पहिल्या श्रेणीत पास झाली. मुख्याध्यापक आणि एकमेव शिक्षक या दोन्ही नात्यांनी मी हे अभिमानाने नमूद करतो.

मुलांना आधुनिक जगाची कौशल्यं द्यायची तर ती आधी शाळेच्या अंगी हवीत, तेव्हा शाळांचीच परीक्षा होईल, असं परिपत्रक आलं होतं. नापास शाळेचा दाखला कुठेच चालणार नव्हता. सातवीतल्या रेवती खुटवडला आठवीत जायचं होतं. आठवी तालुक्याला, आणि आमच्या वस्तीतली एकही मुलगी आजवर तिकडे शिकायला गेलेली नव्हती. तिचे वडील बाजीराव तर दोन वर्षं म्हणत होते की सातवी पुष्कळ झाली, तालुक्याला आपल्यातली कुणी जात नाही. निदान दाखला तरी अडू नये, म्हणून रेवतीने शाळेची शिकवणी अंगावर घेतली.

शाळा हुशार होती, पण इतकी वर्षं तिच्या कानावर सुरात म्हटलेलंच पडलेलं. वस्तीत पाणी का येत नाही, असं विचारलं तर तिने सतराचा पाढा म्हटला आणि मागून आपणच पुन्हा म्हटला. दोष माझाच. पाढे मीच तसे म्हणून घेत आलो.

रेवती मात्र तिची पाठ सोडेना. हे तुला कुणी सांगितलं, तुला स्वतःला काय वाटतं, असं रोज विचारायची. पहिला महिना शाळा भिंतींना घाम फुटून नुसती उभी राहिली. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी ती हळूच म्हणाली, "मला माहीत नाही." त्या दिवशी मी वर्गाला पेढे वाटले.

परीक्षेला विस्तार अधिकारी हर्षेबाई आल्या. अंगणात खुर्ची टाकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, आजच्या जगासाठी मुलांना काय शिकवावं? आता ही पाढा म्हणणार, या भीतीने मी डोळे मिटले.

"नक्की माहीत नाही," शाळा म्हणाली. "मी ही वस्ती सोडून काही पाहिलेलं नाही. जाऊन बघावं लागेल. तुमच्याकडे कुणाला माहीत आहे का?"

हर्षेबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या कार्यालयातही कुणाला माहीत नाही, असं त्यांनी प्रांजळपणे सांगितलं. मग गुणपत्रकावर श्रेणी लिहिली आणि खाली शेरा मारला: पुढील शिक्षणासाठी तालुक्याला पाठवावे.

जूनमध्ये शाळा निघाली. एसटीत मावत नव्हती, म्हणून सकाळच्या गाडीमागून चालतच निघाली. लहान मुलांना बसायला जोतं तेवढं ठेवून गेली. बायकांनी तिच्या दाराला ओवाळलं. बाजीरावांनीसुद्धा उपरण्याने डोळे टिपले.

रेवती दप्तर भरून त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबा, वस्तीतली कुणी तालुक्याला शिकायला जात नाही असं तुम्ही म्हणत होतात. आता शाळाच गेली."

बाजीरावांनी रस्त्याकडे पाहिलं. "तिला तरी तिथं कोण हाय ओळखीचं?" ते म्हणाले. "एकटी पडंल ती. जा, तिच्यासंगं राहा."

रेवती धावत सुटली. शाळा वळणावर तिच्यासाठी थांबली होती.