उतरलेलं हँडल

बाळासो फोटोग्राफरने कॅमेऱ्याचं हँडल मागे फिरवलं, आणि ते फिरलं नाही. समोरच्या खुर्चीत शांतव्वा नवी इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून ताठ बसली होती. तिच्या उजव्या हाताला थोरला लेक बसाप्पा छाती फुगवून उभा होता आणि श्वास रोखल्यामुळे हळूहळू लाल होत चालला होता. बाळासोने हँडलला पुन्हा जोर लावला. मग गिऱ्हाइकासमोर अडचणीत सापडलेला कुठलाही कारागीर हसतो तसा तो हसला.

"सोडा श्वास," तो म्हणाला. "अजून टाइम हाय."

कॅमेरा साधासुधा नव्हता. एकशेवीसच्या रुंद रोलचा, दोन डोळ्यांचा, वरून मान घालून बघायचा. साल नव्याण्णव. कोल्हापुरात गल्लोगल्ली कलर लॅब झाल्या होत्या आणि बाळासोही लग्नं-बारशी छोट्या कॅमेऱ्यावरच उरकत असे. हा मोठा कॅमेरा वडिलांच्या पश्चात शोकेसमध्ये विश्रांती घेत होता. खंडेनवमीला तेवढा तो बाहेर निघे. त्याला हळद, कुंकू, अक्षता वाहून, झेंडूचं फूल ठेवून बाळासो हात जोडी आणि वर्षभरासाठी परत आत ठेवी. इतक्या पूजेनंतर त्याने कामही करावं ही अपेक्षा जरा जास्तच होती. देवाकडून आपण तरी कुठे काम करून घेतो?

पण शांतव्वाचा हट्ट होता. तिच्या नवऱ्याचा भिंतीवरचा फोटो बाळासोच्या वडिलांनी याच कॅमेऱ्याने काढलेला. "ह्यांच्या शेजारी लावायचा तर त्याच पेटीतला पायजे," असं तिने बजावलं होतं. तिचं मागणं एवढंच, की दोन्ही लेक दोन बाजूंना घेऊन एक फोटो असावा. मागणं लहान होतं, लेक मोठे होते.

त्यांची गुळाची अडत होती. वडील गेल्यावर वाटणी झाली, ती इतकी काटेकोर की तराजू बसाप्पाकडे गेला आणि वजनं धाकट्या मृत्युंजयकडे. तेव्हापासून सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. बोलणं टळणारच नसेल तर तिसऱ्या माणसाला सांगत. आई, म्हणजे त्यांची अव्वा, एक महिना एकाकडे, एक महिना दुसऱ्याकडे. शेवटी त्या दिवशी सकाळी तिने जाहीर केलं, "उद्या दुपारी मी निपाणीला शिवलीलाकडं चाललो. फोटू न्हाय तर मी परत बी येत न्हाय."

दोन धडधाकट लेक असताना आई लेकीच्या दारात, म्हणजे बाजारात तोंड दाखवायला जागा नाही. तेव्हा लेकांनी तोडगा काढला. एक फोटो अव्वा आणि बसाप्पाचा, दुसरा अव्वा आणि मृत्युंजयचा. हा तोडगा दोघांनाही फार पटला, कारण अव्वाला जे पाहिजे होतं ते सोडून बाकी सगळं त्यात होतं.

"फिरंना व्हय?" बसाप्पाने विचारलं.

"फिरतंय की. जरा दमानं फिरतंय."

"आमच्या गुऱ्हाळाचं इंजन असंच करतंय. दोन लाथा घातल्या की चालतंय."

"ह्ये जपानी हाय, अण्णा."

"मग एकच घाल."

एवढ्यात बाहेरून मृत्युंजयचा आवाज आला. तो पायरीवर दुकानाकडे पाठ करून उभा होता. "बाळासो, आत जे कोण हुबारल्यात त्यास्नी इचारा, आज हुईल का उद्या?"

"भायेर जे कोण बोंबलाय लागल्यात त्यास्नी सांग, यंत्र अडकलंय," बसाप्पा म्हणाला.

दोघांनाही दोघांचं स्पष्ट ऐकू येत होतं. तरी बाळासोला ते दारापर्यंत जाऊन पुन्हा सांगावं लागलं. तिसऱ्याच्या तोंडून गेल्याशिवाय बोलणं लागू होत नसे. दोन फेऱ्यांत बाळासो घामाघूम झाला. त्याने शिलाई मशीनचं तेल सोडून बघितलं, फुंकर मारून बघितली. मग इलाज खुंटल्यावर पेठेतला माणूस जे करतो तेच त्याने केलं. शेजारच्या तालमीतून हंबीरराव वस्तादांना बोलावलं.

वस्ताद हाडं बसवत. अर्ध्या पेठेचे खांदे आणि कोपर त्यांच्या हाताखालून गेलेले. यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण तसं म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी स्टँडवरच्या कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारली आणि अंगठ्याने हँडल चाचपलं.

"कवा पडलं?"

"पडलं न्हाय वस्ताद. सकाळपास्नं आखडलंय."

"मोडलेलं न्हाय, उतरलंय," वस्तादांनी निदान केलं. "पाय धरा."

बाळासोने कॅमेऱ्याचे पाय, म्हणजे स्टँड, घट्ट धरले. पेशंटला बोलण्यात गुंतवायचं आणि बेसावध गाठायचं, ही वस्तादांची रीत. कॅमेरा बोलेना, म्हणून त्यांनी बाळासोलाच विचारलं, "थोरली कितवीला हाय?"

"सातवी—"

कट् असा आवाज झाला. हँडल गर्रकन पुढे फिरलं, मागे फिरलं, शटर चढलं आणि फटीतून कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा टपकन फरशीवर पडला.

"बघा," वस्ताद म्हणाले. "सांध्यात दाणा व्हता. लेप लावू?"

"नको."

"मग आठ दिस वजन उचलू देऊ नका त्याला. येतो पावणं." बसाप्पाला रामराम करून वस्ताद तालमीकडे गेले.

हँडल आता लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरत होतं. इतकं हलकं ते वडिलांच्या काळातही फिरलं नव्हतं. शहाण्याला इथेच शंका आली असती. बाळासोला अभिमान वाटला.

पुढचं काम मग चुटकीसरशी झालं. एका माणसाला एकच क्लिक, असा बाळासोचा बाणा होता. 'दुसरा फोटो घेतो तो फोटोग्राफर नव्हे' हे वडिलांचं वाक्य तो शिकाऊ पोरांना ऐकवत असे. वडील ते रोल महाग म्हणून म्हणत, हे सांगत नसे. बसाप्पाचा एक क्लिक झाला. तो मागच्या दाराने गेला आणि मृत्युंजय पुढच्या दाराने आला. शांतव्वा खुर्चीतून हलली नाही. "गुडघं धरत्यात. मी हाय तिथं हाय, तुम्ही काय ती नाचानाच करा," ती म्हणाली.

"आईच्या उजव्या हाताला या," बाळासोने सांगितलं.

"ते कुठं हुबारलते?"

"तिथंच."

"मग त्या फरशीवर मी पाय ठेवणार न्हाय," असं म्हणून मृत्युंजय डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. बाळासोने हँडल फिरवलं, खिडकीतला आकडा एकचा दोन झाला आणि दुसरा क्लिक झाला.

संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत बाळासोने रोल धुतला आणि दिव्यासमोर धरला. सगळी पट्टी कोरी, आणि सुरुवातीला एकच फोटो. कॅमेरा उघडून बघितल्यावर उलगडा झाला. तो कट् आवाज म्हणजे काही जागेवर बसलं नव्हतं. रीळ ओढणारी किल्ली मोडली होती. तेव्हापासून हँडल फिरत होतं, शटर चढत होतं, आकडे पुढे जात होते आणि रोल होता तिथेच बसून होता. सहकारात वाढलेल्या माणसाला खरं म्हणजे यात नवल वाटायला नको होतं.

त्याने कागदावर फोटो उतरवला. मधोमध शांतव्वा. तिच्या उजवीकडे बसाप्पा, डावीकडे मृत्युंजय. दोन्ही क्लिकांत ती एकाच जागी बसलेली, त्यामुळे ती ठसठशीत उमटली होती. लेक मात्र अर्धेमुर्धे, विरळ. दोघांच्या पोटांतून मागच्या पडद्याच्या चुण्या दिसत होत्या. दुकानाला कुलूप घालून शाहूवाडीला सासुरवाडीत महिनाभर भातलावणीला जावं, असं बाळासोला मनापासून वाटलं. पण दुपारच्या गाडीने म्हातारी निघून जाणार होती, आणि तिला काय तोंड दाखवायचं, हा विचार त्याला जास्त बोचत होता.

सकाळी तिघं आले. लेक अर्थातच दोन दारांनी. बाळासोने फोटो शांतव्वाच्या हातात ठेवला.

तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. एका लेकावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. तिला फार आनंद झाला होता आणि तो लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही. पदराने डोळे पुसले तेव्हा दोन्हीकडून दोन डोकी पुढे आली.

"ह्यो ह्यात कवा घुसला?" बसाप्पा म्हणाला.

"मी घुसलो? मी माझ्या टायमाला आलतो. तूच भायेर गेला नसशील."

"मी गेलतो की. मागच्या दारानं गेलतो."

"मग ह्ये कोण हाय, तुझं भूत?"

"तुझ्या पोटातनं पडदा दिसतोय, आणि भूत मी?"

"तुझ्याबी दिसतोय. नीट बघ, अण्णा."

बाळासो सवयीने निरोप सांगायला मध्ये सरकला होता. त्याची गरज कुणालाच उरली नव्हती. हे ध्यानात यायच्या आत दोघं भाऊ एकदमच त्याच्याकडे वळले. सहा वर्षांत प्रथमच त्यांचं एकमत झालं होतं, आणि ते बाळासोच्या मुस्काटात द्यावी याच्यावर.

"ह्ये असं कसं आलं रं?" बसाप्पाने शर्टाच्या बाह्या सारल्या. "बाजारात दाखवलं तर लोक दुकानाची पायरी चढायची न्हाईत."

बाळासो खरं सांगणार होता. किल्लीपर्यंत तो आलाही होता, पण शांतव्वाने त्याला थांबवलं.

"त्याला काय इचारताय? एकेकटं हुबारलं की माणूस असंच पोकळ येतंय. मी दोघांसंगं बसलो, मी बघा कशी पक्की आलो. व्हय का न्हाय रं बाळासो?"

बाळासोने एकदा बसाप्पाच्या मनगटाकडे बघितलं. "व्हय, अव्वा. ह्या कॅमेऱ्याचं तसंच हाय."

दोन दिवसांतलं त्याचं हे एकमेव ठाम बोलणं, आणि तेही धादांत खोटं. पण गूळ चाखून प्रत सांगणाऱ्या त्या दोन हुशार माणसांना ते तिथल्या तिथे पटलं. पोकळ राहायची कुणाचीच तयारी नव्हती. बाळासोने अंधाऱ्या खोलीत जाऊन नवा रोल बोटांनी पहिल्या फोटोपर्यंत सरकवला. एका क्लिकला किल्ली लागत नाही, आणि एकाहून जास्त क्लिक करायचा त्याचा बाणाच नव्हता. दोघं भाऊ अव्वाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि त्याने बटण दाबलं.

"झालं," बसाप्पा म्हणाला. "अव्वा, निपाणी रद्द. ह्या म्हैन्यात माझ्याकडं चल."

"का? म्हैना माझा हाय," मृत्युंजय म्हणाला.

"मागला बी तूच खाल्लास."

"मागला अधिक म्हैना व्हता, त्यो धरत न्हाईत."

"कोण म्हणतंय धरत न्हाईत?"

आवाज चढत गेला. मग गेल्या दिवाळीचा विषय निघाला, त्यातून वाटणीचा, त्यातून लहानपणी फुटलेल्या कुठल्याशा पाटीचा. शांतव्वाने पहिला फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि ती उठली. गुडघ्यांनी आज काही कुरकुर केली नाही. बाळासो धावत जाऊन रिक्षा घेऊन आला.

"आता कशाला निपाणी, अव्वा? त्यांचं जुळलं की."

शांतव्वाने रिक्षात बसून पिशवी मांडीवर घेतली आणि दुकानातून येणारा दंगा जरा वेळ ऐकला.

"सहा वर्सांचं साठलंय त्यांचं. ओसरू दे. नवा फोटू त्या दोघास्नी दे, मला ह्योच पुरं हाय," ती म्हणाली. "ह्यात दोघं जवळ हैत, आणि गप हैत."