उलटी कळ

दिवेआगरचे यज्ञेश्वर बापटसर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी चार माणसं समोर दिसली की त्यांना वर्गच भरल्यासारखा वाटायचा. त्या सकाळी वाडीतल्या पंपाच्या झाकणातून पाणी ठिबकत होतं. आतलं रबर बदलायला बोर्लीच्या नुरुद्दीनला बोलावू या, असं त्यांच्या पत्नी श्यामलाबाई म्हणाल्या. नुरुद्दीन बारा वर्षं मस्कतला पंप दुरुस्त करून आलेला. पण सरांच्या मते तो नुसता हातांनी काम करणारा माणूस. डोकं सरांकडे होतं, आणि नवाकोरा रॅचेट पानाही.

घरच्या होमस्टेला उतरलेले पाहुणे चहा घेत होते. सरांनी त्यांना कपांसकट पंपापाशी नेऊन उभं केलं.

"या पान्याच्या आत दातेरी चाक असतं आणि त्याला अडवणारी एक खिटी. एका बाजूला ओढलं की खिटी दातांत अडकते, बोल्ट फिरतो. परत येताना ती कटकट करत दातांवरून घसरते. म्हणून पाना सारखा काढून लावावा लागत नाही."

व्याख्यान वीस मिनिटं चाललं आणि ते अगदी बिनचूक होतं. कुठल्या बाजूला अडकायचं ते ठरवणारी कळ पान्याच्या पाठीवर असते, एवढंच त्यात नव्हतं.

कळ आवळण्याच्या बाजूला होती. सर पाना मागे-पुढे करत राहिले आणि बोल्ट आणखी घट्ट होत गेला. खाऱ्या हवेनं गंजलाय, असा निष्कर्ष काढून त्यांनी पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवला आणि अंगाचा भार टाकला. बोल्टाचं डोकं तुटून त्यांच्या पायाशी पडलं.

तेवढ्यात टाकी संपली. केसांना शांपू लावलेल्या एका पाहुणीनं न्हाणीघरातून पाणी मागितलं. सरांनी तिला दाराबाहेरूनच हल्लीच्या लोखंडाचा दर्जा समजावून सांगितला.

श्यामलाबाईंनी कुणाला न विचारता फोन लावला. नुरुद्दीन आला, त्यानं कळ फिरवली आणि उरलेले तीन बोल्ट बघता बघता सोडवले. तुटलेला चौथा पकडीनं काढला. रबर बदललं, झाकण बसवलं, पाणी चढलं. पाहुणे सरांकडे बघू लागले. सर कुणाकडेच बघेनात.

"सर, कळेचं तुम्हीच तर शिकवलेलं आम्हाला, आठवीत," नुरुद्दीन म्हणाला. "म्हणून जमलं."

सर ताबडतोब सावरले. श्यामलाबाई नुरुद्दीनला फाटकापर्यंत सोडायला गेल्या.

"तुम्ही यांच्या वर्गात होतात? कधी बोलला नाहीत."

"नव्हतो ना, वहिनी. मी सातवीतच शाळा सोडली."

मागे सर पाहुण्यांना सांगत होते, की हा आठवीत पहिल्या बाकावर बसायचा, आणि तेव्हाच आपण त्याला हेरलं होतं.