कडी काढ

बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी लागल्याचा ‘खट्ट’ आवाज आला, तेव्हा आतल्या आईला आधी अभिमान वाटला आणि मग घाम फुटला. अभिमान अशासाठी, की तीन वर्षांच्या भिंगरीला आजवर कडी लावता येत नव्हती. कालच चार वेळा झटापट करून ती रडली होती. लेकीचा पहिला दात, पहिलं पाऊल, पहिल्यांदा स्वतः घातलेले (उलटे) बूट, सगळं आईच्या एका वहीत तारखेनिशी होतं. आता ‘पहिली कडी’ लिहायची. पण वही बाहेर होती.

घाम अशासाठी, की अकरा वाजता तिला छापखान्यात तपासलेली प्रुफं पोचवायची होती. एका निवृत्त हेडमास्तरांचं आत्मचरित्र. भिंगरी झाल्यापासूनचं तिचं हे पहिलंच काम. छापखान्याच्या मालकांनी बजावलं होतं, “बाई, वेळेवर आणि स्वच्छ हवं. नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल.” सव्वादहा वाजले होते. नवरा कामावर गेला होता आणि फोन ओट्यावर होता.

“भिंगरी, कडी लावलीस?”

“हो!” आवाजात असा थाट, की जणू किल्ला सर केला.

“शहाणी गं माझी बाय! आता दार उघड बरं.”

दारावर दोन धक्के बसले. “उघडत नाई. कडी आहे.”

“तेच तर. कडी काढ.”

“कडी काढू?”

“हो, काढ.”

“मोठी?”

प्रश्न जरा चमत्कारिक होता, पण खोलात शिरायला वेळ कुठे होता? “असेल तेवढी काढ, पण लवकर!”

पावलं तुरुतुरु लांब गेली. मग शांतता. लहान मूल असलेल्या घरात गोंगाट परवडतो, शांतता नाही.

“काय करतेस गं?”

“काढते!”

“कुठे?”

“कागदावर!”

तेव्हा कुठे आईच्या डोक्यात उजेड पडला. रोज दुपारी तीच म्हणायची, ‘फूल काढ, मांजर काढ, काय वाटेल ते काढ, पण मला काम करू दे.’ ‘काढ’ म्हटलं की पेन्सिल उचलायची, एवढंच पोरीला ठाऊक.

“कुठल्या कागदावर गं बाई?”

उत्तर दाराखालच्या फटीतून सरकत आलं. प्रुफाचं एकोणिसावं पान. त्यावर आईच्याच लाल पेन्सिलने काढलेला मोठा गोल आणि गोलाला लांब शेपटी. हुबेहूब कडी! एरवी भिंगरीच्या गोलाची दोन टोकं एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नसत. आज पहिल्यांदाच भेटली होती. रडावं की वहीत लिहावं, आईला कळेना.

“छान काढलीस,” ओल्या फरशीवरून पान चटकन उचलत ती म्हणाली.

“आता दे,” बाहेरून हुकूम आला.

“काय?”

“माझी कडी दे!”

“ती आत आहे. ये, घे.”

खट्ट! दार उघडं.

छापखान्यात पोचायला अकरा वाजून दहा मिनिटं झाली. भिंगरी कडेवर, बूट उलटे. मालक चष्मा लावून एकेक पान उलटू लागले आणि एकोणिसाव्यावर थांबले. खोडरबराने कडी पुसट तर झाली नव्हतीच, उलट पसरून अधिकच लालभडक दिसत होती. गोल एका अख्ख्या परिच्छेदाभोवती बसला होता, शेपटी समासात गेली होती. प्रुफात नको असलेला मजकूर काढून टाकायची खूण नेमकी अशीच असते.

“हा परिच्छेद काढलात?”

“नाही, म्हणजे ते... झालं असं, की...”

“आपण किती कमी बोलतो हे हेडमास्तरांनी सातव्या पानावर सांगितलंय. तेच इथे पुन्हा! आमच्याकडे दोघांनी वाचलं, एकाच्याही लक्षात आलं नाही.”

लक्षात आईच्याही आलं नव्हतं. ती ऱ्हस्व-दीर्घातच गुंतली होती. हे कबूल करायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात कडेवरून आवाज आला, “मी काढली!”

“काय काढलीस?”

“कडी!”

मालकांनी आधी खुणेकडे, मग उलट्या बुटांकडे, मग आईच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. “बाई, दहा मिनिटं उशीर झालाय,” ते गंभीरपणे म्हणाले आणि टेबलाखालून नवा गठ्ठा काढून तिच्यापुढे सरकवला. “हे लेखक तर हेडमास्तरांपेक्षा जास्त बोलतात. हिला पेन्सिल जरा मोकळ्या हाताने द्या.”

संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा आई वहीत ‘पहिली कडी’, ‘पहिला गोल’ आणि ‘पहिलं संपादन’ अशा तीन नोंदी करत होती.

“चहा नंतर,” मान वर न करता ती म्हणाली. “आधी ती बाथरूमची बाहेरची कडी काढ.”

नवरा स्क्रूड्रायव्हर शोधायला उठला. पण भिंगरी त्याच्या आधीच धावली होती. लाल पेन्सिल कुठे असते, ते तिला पाठ होतं.