गळलेल्या शिंगांची सभा

एका जंगलात, बाळांनो, चितळांचं एक राज्य होतं. राज्य इवलंसं. या टोकाला कुणी शिंकलं, तर त्या टोकाची आजी 'शतायुषी हो' म्हणायची.

राज्यात लोकशाही होती बरं का! सभा आवळीखाली भरायची आणि मत शिंगानं द्यायचं. नियम एकच: जेवढी शिंगं वर, तेवढी मतं. ज्याचं शिंग सगळ्यात मोठं, तो पुढारी. हरिणींना शिंगं नसतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. दरवर्षी सभेत विचारत, "हरिणींना मत द्यावं का?" आणि झाडून सगळी शिंगं खाली राहायची. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो. नाजूक मानांना उगाच ताप नको, एवढंच.

तिथे ठिपकी नावाची एक हरिणी होती. तिला मताबिताचं वेड नव्हतं. तिला पाणवठा बदलून हवा होता. जुना डोह बांबूच्या बेटाला लागून, आणि बेटात बिबट्या. आदल्याच दिवशी त्यानं तिच्या पाडसाचा कान फाडला होता. ठिपकीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. पलीकडे उघड्यावर छान झरा होता. पण डोहाकाठच्या पळसावर शिंगं फार झकास घासली जातात, म्हणून नर हलायला तयार नव्हते.

ती पुढारी शृंगरावांकडे गेली. "भावोजी, आजच सभा बोलवा."

शृंगराव गवतात लपून बसले होते. शिंगं गळायचे दिवस होते, आणि झाडून सगळे नर बोडके झाले होते.

"सभा कशी भरणार, वहिनी? कुणाच्या डोक्यावर एक शिंग नाही. नवी फुटेपर्यंत दम धरा."

"बिबट्या धरेल का?"

"त्याचं मी कसं सांगू? तो आपला सभासद नाही."

ठिपकी तणतणत निघाली, तोच तिचा पाय एका शिंगाला अडखळला. पुढे आणखी एक. नर काय, गळतील तिथे शिंगं टाकून मोकळे! पाडसांच्या पायांना लागू नयेत म्हणून हरिणीच ती वेचून ढीग लावायच्या. ठिपकी त्या ढिगाकडे बघत राहिली. मग तिला असं हसू फुटलं, की शेजारणी धावत आल्या.

त्याच संध्याकाळी आवळीखाली सभा भरली. प्रत्येक हरिणीच्या तोंडात एक शिंग! तोंडं भरलेली, त्यामुळे भाषणं झाली नाहीत आणि सभा चुटकीसरशी आटोपली. पाणवठा झऱ्यावर? शिंगं वर. हरिणींना मत? शिंगं वर. हरिणींना पुढारीपण? शिंगं अशी उसळली, की आवळे टपाटपा खाली आले.

"अहो, पण शिंग डोक्यावर हवं!" शृंगराव गवतातूनच ओरडले.

नियम सांगणारा म्हातारा चितळ खाकरून म्हणाला, "नियमात डोक्याचा उल्लेख नाही."

मग शिंगं मापली. सगळ्यात मोठं निघालं ठिपकीच्या तोंडातलं.

"वहिनी, ते माझं आहे!"

ठिपकीनं शिंग हळूच खाली ठेवलं. "मग उचलून ठेवायचं होतं, भावोजी," ती म्हणाली, आणि तिनं ते पुन्हा उचललं.

फाटक्या कानाचं पाडस उघड्या झऱ्यावर पोट टम्म होईस्तोवर पाणी प्यालं. नव्या पुढारीणबाई शेजारी उभ्या होत्या. आनंदानं त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

तात्पर्य: मुलग्यांनो, आपल्या वस्तू जिथल्या तिथे ठेवाव्यात. घरातल्या बायका आवराआवर करता करता एखाद्या दिवशी राज्यसुद्धा उचलून ठेवतात.